आढळलं काही?

मधुसूदन कोपर्डेकर यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, जालहळ्ळीतल्या आमच्या इमारतीच्या असोसिएशन हॉलमध्ये. तीन सुशिक्षित माणसांनी मिळून तो केला. कोणी त्यांना शिवी दिली नाही, धक्का मारला नाही, त्यांची पार्किंगची जागा बळकावली नाही. कोपर्डेकर काकांनी तीन आठवडे खपून काढलेला नकाशा टेबलावर ठेवला, तिघांनी त्यावर ओझरती नजर टाकली आणि म्हणाले, "सुपर, अंकल."

मी एरवी फुटपाथ आणि तळ्यांसाठी पत्रकं लिहिते. त्यांत अन्याय करणारे बहुतेक वेळा कंत्राटदार असतात. इथे ते माझे मित्र आहेत आणि दर रविवारी माझ्या शेजारी बसून माझी शेंगदाण्याची पुडी संपवतात. म्हणून राग जरा जास्त आहे.

काका शहात्तर वर्षांचे आहेत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेन नाही, दोन पेन्सिली. एक लाल, एक पिवळी. मिरजेहून डिप्लोमा करून ते बंगळुरात आले, एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. हॉलची किल्ली त्यांच्याकडे असते. मला ते नावाने हाक मारत नाहीत. "काय चळवळ, आज कोणाविरुद्ध?" असं विचारतात, आणि उत्तर खरंच ऐकून घेतात. असं ऐकून घेणारी माणसं माझ्या ओळखीत फार नाहीत.

आता तो खेळ. त्यात एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार. मी चोर आहे, आणि याचं काकांना अजूनही वाईट वाटतं. गोष्टीत किल्ले असतात, भुयारं असतात, त्यांतून आपली सोंगटी पुढे न्यायची; दार फुटलं की नाही ते फासा ठरवतो. गोष्ट सांगतो रोहन. मूळचा पुण्याचा, नोकरी व्हाइटफील्डला. रविवारी मेट्रो बदलत इतक्या लांब येतो, कारण हॉल फुकट मिळतो. त्याच्या ऑफिसातली अंजू आणि तिचा नवरा खेळायला असतात. दोघं केरळचे, पण रोहनच्या संगतीने मराठी समजायला लागलेत.

काका या खेळात शिरले ते कुलूप लावायला येऊन. रोहनने चार्टपेपरवर स्केचपेनने काढलेला किल्ला टेबलावर पसरला होता. काका किल्ली बोटात फिरवत उभे राहिले. बराच वेळ.

"हा कोणी काढला?"

रोहनने हात वर केला.

"पडेल."

"काय पडेल?"

"किल्ला. या बाजूची भिंत चार फुटी, त्या बाजूची दीड. त्यावर तू बुरूज ठेवलायस. दोन माणसं वर चढली की खाली."

"अंकल, तो जादूचा किल्ला आहे."

"असेल. पण उभा भिंतीवरच आहे ना?"

पुढच्या रविवारी ते स्वतःचा किल्ला घेऊन आले. ट्रेसिंग पेपरवर, शाईने, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. त्यात तळघरातल्या कैद्यांसाठी संडास होता आणि त्याचं पाणी कुठे जातं तेही दाखवलं होतं. रोहनला वाटलं, गंमत म्हणून ठेवून घ्यावा. अंजूचा नवरा म्हणाला, पळून जायची वाट सापडली. त्या दिवशी आम्ही सगळे गटारातून सुटलो, आणि काका कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असे खूश झाले, जणू आम्ही खरोखरच सुटलो होतो.

मग रोहनने टीव्ही आडवा करून टेबलावर ठेवायला सुरुवात केली. नकाशा आता पडद्यावर हवा, म्हणजे सॉफ्टवेअर आलं. काकांनी मला जिन्यात गाठलं.

"चळवळ, तुला येतं का ते?"

"मला पत्रकं लावता येतात काका. हे शिकावं लागेल."

"मग शिकून मला शिकव. बुधवार मोकळा आहे."

बुधवारी संध्याकाळी ते लॅपटॉप कापडी पिशवीत घालून माझ्या घरी यायला लागले. पहिलं भांडण झालं चिकटण्यावरून. या सॉफ्टवेअरमध्ये रेघ ओढली की ती आपोआप जवळच्या चौकटीला जाऊन चिकटते. काकांनी माउस उचलून बाजूला ठेवला.

"मी इथे ओढली होती."

"हो काका, पण ते आपोआप सरळ करून देतं."

"याला कोणी विचारलं?"

दोन बुधवार ते त्या सोयीशी बोलत नव्हते.

दुसरं, मागे फिरायचं बटण. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला याचा आनंद होईल असं मला वाटलं होतं. काकांनी ते एकदा दाबलं. रेघ गेली. ते रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

"खूणसुद्धा राहत नाही," ते म्हणाले. "मग पुढच्याला कळणार कसं, की इथे आपण चुकलो होतो?"

तयार चित्रं मात्र त्यांना आवडली. पलंग, पिंपं, झाडं, मशाली; नुसती उचलून ठेवायची. राक्षसांच्या बराकीत त्यांनी प्रत्येकाला वेगळा पलंग दिला, उशाशी कपाट दिलं आणि दाराबाहेर लांबलचक पत्र्याची शेड काढली. मी विचारलं, ही काय? सायकल स्टँड. राक्षसांना? "शिफ्ट सुटल्यावर गर्दी होते," ते म्हणाले, आणि ती शेड आणखी थोडी लांब केली. त्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी आता सायकल स्टँड नाही. त्या जागेवर उंच इमारती आहेत. ते मला बसमधून जाताना दिसायचं, पण कोणाला त्याची आठवण येत असेल असं डोक्यात आलं नव्हतं.

आणि मग तुटक रेषेचा तो रविवार. रोहनने गोष्टीत एक गुप्त दरवाजा ठेवला होता. त्याच्यामागे खजिना, आणि तो शोधायला आम्हाला तीन-चार रविवार लागावेत असा त्याचा बेत. नकाशा काकांचा. टीव्ही लागला, आणि अंजूने बसल्या बसल्या बोट ठेवलं. "इथे दार आहे." पश्चिमेच्या भिंतीत, सुबक तुटक रेषेने, दार दाखवलेलं होतं.

रोहनने डोकं धरलं. "अंकल, ते लपलेलं आहे."

"म्हणूनच तुटक काढलंय."

"अहो, पण लपलेलं म्हणजे दिसायला नको."

"लपलेली वस्तू तुटक रेषेने दाखवतात. पहिल्या वर्षाला शिकवतात." काका खरोखर गोंधळले होते. "आहे ना दार तिथे? मग जे आहे ते दाखवायलाच पाहिजे. नाही दाखवलं तर उद्या कोणी भिंत पाडेल."

लपवायच्या गोष्टींचा वेगळा थर, म्हणजे लेयर, करायचा आणि तो बंद ठेवायचा, हे मी त्यांना पुढच्या बुधवारी शिकवलं. त्यांनी केलंही. पण थर बंद करताना दर वेळी चेहरा असा व्हायचा, जणू कोणाच्या तोंडावर दार लावून घेतायत.

आता मुख्य मुद्दा. नकाशा पडद्यावर असला तरी काका त्याची मोठी प्रत छापून आणायचे, टेबलावर ठेवायचे, बाजूला लाल आणि पिवळी पेन्सिल, आणि विचारायचे, "आढळलं काही?"

ड्रॉइंग ऑफिसची ही पद्धत. ड्राफ्ट्समनने काढलेलं ड्रॉइंग तपासणाऱ्याकडे जातं. तपासणारा एकेक रेघ, एकेक माप बघतो. बरोबर असेल त्यावर पिवळं, चूक असेल तिथे लाल. "लाल नसलेलं ड्रॉइंग परत आलं ना," काकांनी मला एकदा सांगितलं, "की आम्ही कपाळाला हात लावायचो. बघितलंच नाही म्हणून." कामावर असताना म्हणे ते लाल खुणांना वैतागायचे. आता दर रविवारी लाल पेन्सिलीला टोक करून आणायचे.

"आढळलं काही?"

"नाही अंकल, परफेक्ट."

"जिना बघितलास?"

"मस्त आहे जिना."

खेळ चालू असायचा आणि काका खेळ बघत नसायचे. आमचे डोळे बघायचे. कोणाची नजर कागदावर जरा थांबली की खुर्चीत पुढे सरकायचे. एकदा घरी नेताना प्रतीवर त्यांना एक गोल डाग दिसला. ते कागद घेऊन ट्यूबलाइटखाली गेले, चष्मा वर केला. अंजूच्या कॉफीच्या कपाचा डाग होता. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "चला, मॅडमना दाखवतो."

या मॅडम कोण, ते आम्हाला माहीत नव्हतं. "मॅडमना विचारतो", "मॅडमना पटणार नाही", हे त्यांच्या तोंडी सारखं असायचं. रोहनच्या मते त्या काकांच्या जुन्या साहेब असणार.

तर ऑक्टोबरचा तो रविवार. नकाशा होता नदीकाठच्या एका दुमजली सराईचा. मी दारात चपला काढत होते, म्हणून सगळं पाहिलं. काकांनी पेन्सिली ठेवल्या. तीन "सुपर" आले. रोहनने प्रत उचलून खाली खुर्चीवर ठेवली, कारण त्याला फासे टाकायला जागा हवी होती. काकांनी "आढळलं काही?" विचारलंच नाही. पेन्सिली खिशात टाकल्या, किल्ली माझ्या हातात दिली.

"आज तूच बंद कर."

खेळ संपायच्या आधी ते कधीच गेले नव्हते. आणि त्या बुधवारी ते आले नाहीत.

म्हणून मी गेले. मागच्या विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. दार लोटलेलं होतं, आतून काकांचा आवाज येत होता.

"पूर्वेला मुख्य दार. आत आल्यावर डावीकडे भटारखाना."

"जिना?" हा बाईचा आवाज.

"भटारखान्याच्या पलीकडे. वरून खाली येतो तो मागच्या अंगणात."

"विहीर कुठे म्हणालात?"

"अंगणात, जिन्याच्या पायाशी."

"म्हणजे सकाळी अर्धवट झोपेत उतरणारा माणूस थेट विहिरीत. लाल करा, कोपर्डेकर."

"लाल, मॅडम," काका म्हणाले. इतका सुखी आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता.

मॅडम म्हणजे काकांची बायको. नलिनी अक्का. त्यांचं माहेर चिकपेटेतलं, मराठी, पण पिढ्यान्पिढ्या इथलंच. त्याच ड्रॉइंग ऑफिसात त्या तपासणीस होत्या, काकांना सीनियर. लग्नानंतरही ऑफिसातली नावं सुटली नाहीत. "माझ्या चुका काढायचा यांना पगार होता," काका म्हणाले, "लग्न झाल्यावर फुकट काढायला लागल्या."

अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या शेजारच्या कपाटाकडे बघत होत्या. "ये ग, बस. रागावू नको हं, समोरचं मला दिसत नाही. डोळ्यांचा मधला भाग गेला, कडा राहिल्यात. कपाटाकडे बघितलं की तू स्वल्प दिसतेस."

त्या कॉफी करायला उठल्या, मी मागोमाग गेले. पेल्याच्या काठावर आत बोट धरून त्या डिकॉक्शन ओतत होत्या. चटका लागला की थांबायच्या.

"विहिरीचं ऐकलंस ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुला काय वाटतं, जिना विहिरीत सोडणारा माणूस आहे का तो?"

मी दुसरा पेला त्यांच्या हाताशी सरकवला.

"मुद्दाम ठेवतात ग. मला नुसतं ऐकून सापडेल एवढी मोठी. आधी नकाशात एक असायची, हल्ली दोन-दोन असतात."

"आणि तुम्ही त्यांना सांगत नाही?"

"कशाला सांगू? मेहनत घेतात बिचारे. मुद्दाम चुकायला पण डोकं लागतं." त्यांनी दुधाचं पातेलं चाचपून उचललं. "पण माणूस खरोखर पण चुकतो की. वय झालं, ते डबडं नवीन. त्या चुका बारीक. त्या वाचून कशा दाखवणार, त्यांना स्वतःलाच ठाऊक नसतात. त्या बघूनच काढायच्या असतात. मी काढायची. आता कोण काढणार?"

"म्हणून ते रविवारी..."

"मीच पाठवते. तरुण डोळे आहेत खाली, म्हटलं. वर आले की विचारते, किती लाल? म्हणतात, नाही. मी म्हणते, मग बघितलं नसणार. ते म्हणतात, मुलं चांगली आहेत, मॅडम." अक्कांनी पेल्यात दूध ओतलं. "कोणी काहीच म्हणत नाही, तेव्हा बरोबर आलंय की कोणी बघतच नाही, हे त्यांना कसं कळायचं? सरी, असू दे, कॉफी घे. गार होईल."

बाहेर येऊन मी सराईचा नकाशा समोर ओढला. आजवर मी त्यांना बटणं शिकवली होती; नकाशात राहायला मात्र कधी गेले नव्हते. आता गेले. पूर्वेच्या दारातून आत, भटारखान्यात, तिथून वर. वरच्या मजल्यावर अरुंद बोळ, समोरासमोर खोल्या. एका खोलीचं दार उघडून मी मनातल्या मनात बाहेर पडले. समोरच्या खोलीचं दारही बोळातच उघडत होतं. बोळ एवढासा.

"काका, ही दोन दारं एकमेकांवर आपटतील."

"शक्य नाही." त्यांनी मान वरही केली नाही.

"दोन्ही बाहेर उघडतात. एक उघडं असेल तर दुसरं उघडणारच नाही. आग लागली तर आतला माणूस आतच राहील."

काकांनी चष्मा लावला. लॅपटॉपवर मोठं करून बघितलं, मग छापील प्रतीवर बघितलं. तयार दारांची चित्रं होती ती, उचलून ठेवलेली. कुठल्या बाजूला उघडतात ते बारीक होतं, डोळ्यांत यायला कठीण. त्यांचं बोट त्या बोळात थांबलं. मग त्यांनी मान वळवून अक्कांकडे पाहिलं. चाळीस वर्षांची सवय. खरं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"माझ्याकडे काय बघताय, कोपर्डेकर," अक्का म्हणाल्या. मान वळल्याचं त्यांना कडेने दिसलं असावं. "मला दिसत नाही ते. ती काय म्हणते ते बघा."

मग काकांनी लाल पेन्सिल घेतली आणि दोन्ही दारांभोवती एक लहान गोल काढला. विहिरीवर मारलेली लाल खूण मोठी, झोकदार होती. हा गोल जेमतेम शेंगदाण्याएवढा होता, आणि तो काढताना त्यांना लाज वाटत होती, खरीखुरी, कामावरच्या माणसाला वाटते तशी.

"कुठून बघायला सुरुवात केलीस?" त्यांनी विचारलं.

"दारातून आत आले."

"बरोबर. तसंच बघायचं असतं." त्यांनी प्रत माझ्याकडे सरकवली, पेन्सिल तिच्यावर ठेवली. "पुढे बघ. सावकाश बघ, घाई नाही."

अक्का मान पूर्ण वळवून खिडकीकडे बघत बसल्या होत्या. खिडकीबाहेर काही नव्हतं. अशा बसल्या म्हणजे मी त्यांना दिसत होते.

रोहनला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पण आम्ही तर कौतुकच केलं ना त्यांचं." त्याला अजून कळलेलं नाही. वाईट बोलणाऱ्याशी निदान भांडता येतं. न बघता छान म्हणणाऱ्याशी काय करायचं? तुम्ही त्याला दिलेला कागद तो हसून खुर्चीवर ठेवतो, आणि तुम्ही आभार मानून जिना चढता. वर कोणीतरी वाट बघत असतं, किती लाल म्हणून.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या मजल्यावर, तुमच्या ऑफिसात, तुमच्या स्वतःच्या घरात या आठवड्यात कोणीतरी काहीतरी काढून, शिवून, लिहून, जुळवून तुमच्यासमोर ठेवेल आणि तुमच्या डोळ्यांकडे बघत उभं राहील. "सुपर" म्हणू नका. फोन उलटा ठेवा. खुर्ची ओढून बसा, आणि दारातून आत जाऊन बघा, खोलीन् खोली. एक खरी चूक सापडेपर्यंत उठू नका. सापडली की त्यांच्या तोंडावर सांगा.